रंगीत पडदा आणि बांधावरचा दगड

विनायकराव सोमणांना खिशात मावणारं, रंगीत पडद्याचं जीपीएस यंत्र घ्यायचं होतं, आणि ते कशासाठी हवंय हे कुणालाही सांगायचं नव्हतं. पनवेलमध्ये यातली पहिली गोष्ट अवघड आहे. दुसरी अशक्य आहे.

खरं कारण असं होतं. डिसेंबरातल्या एका सकाळी ते टिळक रोडवर मेथीची जुडी हातात घेऊन उभे होते आणि घर डावीकडे की उजवीकडे हे त्यांना आठवेना. याच रस्त्याने ते अडतीस वर्षं वाचनालयात कामाला गेले होते. दुकानं ओळखीची होती, पाट्या वाचता येत होत्या, एका पाटीवरची शुद्धलेखनाची चूकसुद्धा त्यांच्या ध्यानात आली. फक्त या सगळ्याचा एकमेकांशी संबंध काय, ते कळत नव्हतं. कुणीतरी कपाटातली पुस्तकं जागच्या जागी ठेवून क्रमांकाच्या चिठ्ठ्या तेवढ्या काढून नेल्या असाव्यात, तसं. चार-पाच मिनिटांनी चिठ्ठ्या परत आल्या. मेथी मात्र घामाने कोमेजली होती.

दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा ते खांदा कॉलनीत होते, आणि नेमका तेव्हाच मुलीचा, मितालीचा, पुण्याहून फोन आला. विनायकरावांना खोटं बोलता येत नसे. म्हणजे बोलत, पण वाईट बोलत.

“मी जरा उभा आहे,” ते म्हणाले.

“कुठे?”

“तेच बघतोय.”

शनिवारी मिताली हजर. तिने त्यांच्या मोबाइलमध्ये काहीतरी करून तिच्या मोबाइलवर त्यांचा एक निळा ठिपका उमटवला. “आता तुम्ही कुठेही असलात तरी मला दिसाल,” ती म्हणाली. हे तिने धीर द्यायला म्हटलं होतं. “आणि बाबा, पुन्हा एकदा असं झालं ना, तर मी काही ऐकणार नाही. बाणेरला अकराव्या मजल्यावर खोली तयार आहे. हा फ्लॅट काढून टाकू.”

“आणि पुस्तकं?”

“बघू.”

सोमणांच्या घरात ‘बघू’ या शब्दाने आजवर एक हार्मोनियम, दोन मांजरं आणि पत्नीची, रमाबाईंची, काश्मीरची सहल गिळली होती. रमाबाईंना जाऊन आता चार वर्षं झाली होती. सहलीचं अजून बघणंच चालू होतं. दोन हजार पुस्तकांचं काय होणार, हे विनायकरावांना त्या एका शब्दातून स्वच्छ दिसलं. पुस्तकांशिवायचे विनायकराव म्हणजे काय उरतात, हेही दिसलं. त्यांनी त्या बाजूला फार वेळ पाहिलं नाही.

मग त्यांनी वाचायला घेतलं, कारण संकटात त्यांना दुसरं काही करता येत नसे. वाचता वाचता कळलं, की मोबाइल सारखा बोलत असतो. आपण कुठे आहोत ते तो कंपनीला सांगतो, कंपनी मितालीला सांगते. पण नुसतं जीपीएसचं यंत्र असतं ते फक्त ऐकतं. आकाशातले उपग्रह बोलतात, हे ऐकतं, आपण कुठे आहोत ते मनातल्या मनात ठरवतं आणि कुणालाही काही सांगत नाही. विनायकरावांना हा स्वभाव लगेच ओळखीचा वाटला. मोबाइल घरात ठेवायचा, म्हणजे ठिपका घरात राहील. यंत्र खिशात ठेवायचं, म्हणजे आपण घरी पोचू.

सबबही वाचनातच सापडली. जिओकॅशिंग नावाचा एक खेळ जगभर चालतो. कुणीतरी एक डबी लपवतो, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. बाकीच्यांनी ती शोधायची, आतल्या वहीत तारीख घालून सही करायची आणि डबी होती तिथे परत ठेवायची. न्यायचं, नोंद करायची, जागेवर ठेवायचं. एकाहत्तराव्या वर्षी विनायकरावांना प्रथमच असा खेळ भेटला ज्याचे नियम त्यांना आधीपासून पाठ होते.

सोसायटीचे सेक्रेटरी अविनाश गुप्ते यांना त्यांनी हे जिन्यात, शक्य तितक्या सहज आवाजात सांगितलं.

“अहो पण मोबाइलमध्ये आहे की सगळं!” गुप्ते म्हणाले.

हे वाक्य पुढच्या तीन आठवड्यांत विनायकरावांना सतरा जणांनी ऐकवलं. त्यात दूधवाला होता, दातांचे डॉक्टर होते आणि इस्त्रीवाल्याची सासू होती.

“जंगलात रेंज नसते,” विनायकराव म्हणाले.

“तुम्ही कधी गेलात जंगलात?”

“जाईन म्हणतो.”

गुप्त्यांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्यांनी घाईघाईने डब्यांचा खेळ समजावून सांगितला. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर आलं, की बी विंगचे सोमणकाका गुप्तधन शोधणार आहेत. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: ‘सोसायटीच्या आवारात कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय कोणीही डबे पुरू नयेत.’ विनायकरावांनी ती वाचली, ‘कोणीही’मधली वेलांटी तपासली, बरोबर होती, आणि खाली मान घालून वर गेले.

निवड करायला त्यांनी वही केली. वहीत रकाने आखले. रंगीत पडदा की काळा-पांढरा? काळ्या-पांढऱ्यावर नदी, रस्ता आणि रेल्वे या तीन सारख्या रेघा. त्यांना घर लाल आणि रस्ता निळा दिसायला हवा होता, कारण गोंधळाच्या क्षणी माणसाने विचार करावा अशी अपेक्षा ठेवणं चूक, हे ते मेथीसकट शिकले होते. बोट लावायचा पडदा की बटणं? समोरच्या अरुंधतीबाई टिल्लू म्हणाल्या, “भावजी, आता बटणं कोण वापरतं?” पण विनायकरावांचं बोट नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या वेळी यंत्राने सहा वेळा नाकारलं होतं. बँकेतल्या मुलीने ओल्या रुमालाने पुसून पाहिलं, शेवटी म्हणाली, “आजोबा, तुमच्या रेषाच झिजल्यात.” जिवंत असल्याचं ज्याला सिद्ध करता येत नाही, त्याने बटणंच घ्यावीत, असं त्यांनी वहीत लिहिलं. मग हे वाक्य जरा मुद्दाम लिहिल्यासारखं वाटतं म्हणून खोडलं.

खरेदीला वाशीला जायचं होतं. एकट्याने जायची भीती वाटत होती, पण तसं बोलायची गरजच पडली नाही. “मी येतो,” गुप्ते म्हणाले. “तुम्हाला घासाघीस जमायची नाही.”

दुकान मोजणीची उपकरणं विकणारं होतं. काउंटरवर प्रितेश नावाचा तरुण होता. त्याने फॉर्म पुढे ओढला.

“कुठलं डिपार्टमेंट, काका?”

“वैयक्तिक.”

“फॉर्ममध्ये वैयक्तिक नाहीये. फॉरेस्ट, इरिगेशन, सर्व्हे, अदर्स. अदर्सला लेटर लागतं.”

“कसलं लेटर?”

“ते अजून कोणी आणलंच नाही, त्यामुळे माहीत नाही.”

विनायकराव हा प्रश्न प्रामाणिकपणे सोडवायला निघाले होते, इतक्यात गुप्ते मध्ये पडले. “सर्व्हे लिहा हो, सर्व्हे! सर्व्हेला काही सूट असेल ना?” सूट नव्हती, पण सर्व्हेवाल्यांना एक चमकत्या पट्ट्यांचं नारिंगी जाकीट फुकट होतं. अशा रीतीने विनायकराव बटणांचं, रंगीत पडद्याचं, पेन्सिल सेलवर चालणारं यंत्र, ‘उपयोग: सर्वेक्षण’ अशी छापील पावती आणि एक जाकीट घेऊन घरी आले. परतीच्या बसमध्ये गुप्ते जाकिटावर खूश होते.

सोसायटीच्या फाटकाशी उभं राहून त्यांनी यंत्रात पहिली खूण नोंदवली. मराठी अक्षरं नव्हती. GHAR असं एकेक अक्षर शोधून लिहिलं. लाल रंगाचं चिमुकलं घर पडद्यावर उमटलं. त्या दिवशी ते वडाळे तलावापर्यंत जाऊन आले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम अनोळखी गल्ल्यांत शिरले. बाण वळत होता, निळी रेघ सरकत होती, घर लाल होतं. मोबाइल घरात पुस्तकांच्या कपाटावर होता. रात्री मितालीचा फोन आला. “बाबा, हल्ली तुम्ही घरातच असता. बरं वाटतं मला.” विनायकराव ‘हं’ म्हणाले. तिच्या आवाजातली काळजी जराशी उतरलेली त्यांना ऐकू आली, आणि त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

पण सबब म्हणून आणलेला खेळ आता त्यांना खरोखर खेळून बघायचा होता. आयुष्यात एकदा तरी काहीतरी शोधावं आणि ते सापडावं. सर्वांत जवळची डबी नेऱ्याच्या पुढे पळसपाड्याच्या शिवारात होती. लपवणाऱ्याने खूण दिली होती: ‘पांढऱ्या दगडाखाली.’

“ते जाकीट घाला भावजी,” अरुंधतीबाई दारातून म्हणाल्या. “निदान ट्रकवाल्यांना तरी दिसाल.”

त्यांनी घातलं. सांगितलेलं ऐकायची त्यांना आयुष्यभराची सवय होती.

सहा आसनी मिनीडोर रिक्षाने ते पळसपाड्याच्या फाट्यावर उतरले. भातकापणी कधीच झाली होती, शेतात वाल उभा होता. यंत्र सांगत होतं, डबी चाळीस मीटरवर. मग बारा. मग चार. मग अचानक नऊ. ही यंत्रं शेवटच्या चार पावलांत जरा घुटमळतात, हे विनायकरावांनी वाचलं होतं. म्हणून ते बांधावरून दहा पावलं पुढे गेले, थांबले, आकडा पाहिला, वहीत टिपला. पाच पावलं मागे आले, थांबले, टिपला. नारिंगी जाकीट, हातात यंत्र, काखेत वही. आपण कसे दिसतो याची आयुष्यभर धास्ती बाळगलेल्या माणसाला नेमका त्याच दिवशी तो विचार सुचला नाही.

बांधाच्या कोपऱ्यात चुन्याने रंगवलेला एक दगड होता. पांढरा. त्यांनी खाली बसून दोन्ही हातांनी तो उचलला, बाजूला ठेवला. खाली प्लास्टिकची डबी होती.

“ओ साहेब!”

वालातून एक दांडगा माणूस येत होता. मागून दुसरा. त्यांच्या मागून आणखी आठ-दहा.

“हद्दीचा दगड हाय तो,” पहिला म्हणाला. हा तुळशीराम भोईर. जमीन त्याची. “उचलला कशाला?”

या भागात विमानतळ, रस्ते, मार्गिका आणि त्यांच्या मोजण्या यांनी काय काय नेलं, हे विनायकरावांनी वर्तमानपत्रात रोज वाचलं होतं. वाचलेलं वेळेवर आठवेल तर माणूस शहाणा म्हणायचा.

“मी खेळ खेळतोय,” ते म्हणाले.

कुणी हसलंसुद्धा नाही.

“ह्या वयात?” तुळशीराम म्हणाला.

“मागल्या टायमाला असंच एक गरीब तोंडाचं म्हातारं पाठवलेलं,” गर्दीतून आवाज आला. “त्यो म्हनलेला पक्षी बगतोय. सहा महिन्यांनी नोटीस!”

“अरं, त्याला आदी पानी द्या,” भामा नावाची एक म्हातारी म्हणाली. “मंग काय ती मारामारी करा.”

पाणी आलं. विनायकराव पीत असताना तुळशीरामचा भाऊ बळीराम हळूच कानाशी लागला. बांधाच्या पलीकडचं शेत त्याचं. “साहेब, आलाच हाय तर मशिनीवर बगा. यानं बांध माज्यात सरकवलाय का नाय?”

विनायकरावांना नाही म्हणता येत नसे. त्यांनी यंत्राकडे पाहिलं आणि समोर होतं ते वाचलं. “एक्केचाळीस मीटर.”

“बगा! एक्केचालीस मीटर खाल्ला!” बळीराम ओरडला.

“ती समुद्रसपाटीपासूनची उंची आहे,” विनायकराव म्हणाले, पण तोवर दोघे भाऊ एकमेकांच्या आजोबापणजोबांपर्यंत पोचले होते. तो सगळा कलह, त्यांच्यासमोर, त्यांच्यामुळे, बांधाच्या दोन्ही बाजूंनी पसरला. भावांना पुन्हा एकत्र आणलं ते डबीने. तुळशीरामने ती उघडली, आतली वही काढली, आणि पानं उलटता उलटता त्याचा चेहरा बदलला.

“आठ जनं,” तो सावकाश म्हणाला. “तारखा हायत. सह्या हायत. आठ वेळा मोजून गेलं, आन आमाला पत्ता नाय.”

मग खिशातली पावती निघाली. उपयोग: सर्वेक्षण.

पोलीस ठाण्यात त्यांना तुळशीरामच्या टेम्पोतून नेलं, पुढे बसवून, मानाने. हवालदाराने रजिस्टर उघडलं.

“नाव?”

“विनायक सोमण.”

“पत्ता?”

विनायकरावांनी तोंड उघडलं. चिठ्ठ्या नव्हत्या. जिना आठवत होता, दाराचा रंग आठवत होता, रमाबाईंनी दारात लावलेली आणि आता वाळलेली तुळस आठवत होती. इमारतीचं नाव, रस्त्याचं नाव, कपाट रिकामं. हवालदार पेन धरून थांबला होता. विनायकरावांनी यंत्र पाहिलं. लाल घर होतं. बाण होता. त्यांनी हात उचलून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं.

“त्या बाजूला,” ते म्हणाले. “सव्वातीन किलोमीटर.”

“बेरकी हाय,” तुळशीराम मागून म्हणाला. “पत्ता देत नाय बगा.”

घरचा म्हणून त्यांनी जो नंबर दिला तो त्यांचा स्वतःचाच होता. पाठ तेवढाच होता. कपाटावर मोबाइल वाजला. किल्ली अरुंधतीबाईंकडे असते. त्यांनी आत येऊन फोन उचलला, पोलिसांना ‘थांबा, घरातच असतील’ म्हणाल्या आणि न्हाणीघरात पाहून आल्या. मग त्यांनी मितालीला फोन लावला. “काकू, ते घरातच आहेत,” मिताली म्हणाली. “मला ठिपका दिसतोय.” आणि मग, अरुंधतीबाईंनी नंतर सांगितलं, पलीकडून गाडीच्या किल्ल्यांचा आवाज आला.

तिला यायला तीन तास लागले. या तीन तासांत विनायकरावांना चिठ्ठ्या परत मिळाल्या, पत्ताही मिळाला, पण आता तो कुणी विचारत नव्हतं. मिताली आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि टेबलामागच्या अधिकाऱ्याला हळू आवाजात म्हणाली, “साहेब, त्यांना विसरायला होतं. कुठे आहेत, काय करतायत, त्यांना कळत नाही. मी त्यांना आजच पुण्याला घेऊन जाते.”

अधिकारी भला होता. त्याने रजिस्टर मिटत आणलं. “मग प्रश्नच मिटला. काय काका? कळत नव्हतं ना तुम्हाला?”

“नाय साहेब!” तुळशीराम पुढे आला. “सगलं कलतं त्याला. लय हुशार मानूस हाय. पावलं मोजून मोजून टाकत व्हता.”

विनायकरावांनी वर पाहिलं. गेल्या दोन महिन्यांत त्यांच्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. एका बाजूला त्यांच्यावर जीव टाकणारी मुलगी होती आणि ती त्यांना वेडा ठरवून सोडवत होती. दुसऱ्या बाजूला हा दांडगा माणूस त्यांना डांबायला निघाला होता आणि शहाणा म्हणत होता. मधे फार जागा नव्हती. ‘नव्हतं कळत’ एवढे दोन शब्द म्हटले की सुटका, बाणेर, अकरावा मजला आणि बघू.

“मला सगळं कळत होतं,” विनायकराव म्हणाले. “दगड मी जाणूनबुजून उचलला.”

“बाबा!”

“लिहून घ्या.”

अधिकाऱ्याने नाइलाजाने रजिस्टर पुन्हा उघडलं. हद्दीची खूण हलवणं हा गुन्हा आहे, हे त्याने मितालीला समजावलं. यंत्र, वही, डबी आणि जाकीट जप्त झालं. दर सोमवारी अकरा वाजता हजेरी. फिर्यादीनेही यायचं, जमलं तर आपसात मिटवायचं. आणि चौकशी संपेपर्यंत ठाण्याच्या परवानगीशिवाय पनवेलबाहेर जायचं नाही. जबाबात दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या. विनायकरावांनी त्या दुरुस्त करायची परवानगी मागितली, आणि सही केली.

मिताली गाडीत रडली. “का केलंत असं?” तिने विचारलं. तिचा हात हातात घ्यावा असं त्यांना वाटलं, पण ती गाडी चालवत होती.

मिताली एकटीच पुण्याला परतली. पहिले दोन सोमवार निभले. तिसऱ्या सोमवारी घरातून निघून ते बरंच चालले, आणि एका चौकात सगळे रस्ते सारखे झाले. यंत्र ठाण्याच्या कपाटात होतं. पोलीस ठाणं कुठे, असं कुणालाही विचारता आलं असतं. पण विचारलं की ते गुप्त्यांपर्यंत, टिल्लूंपर्यंत, पुण्यापर्यंत पोचणार. अकराला दहा मिनिटं कमी होती. विनायकराव एका बंद दुकानाच्या पायरीपाशी, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखे उभे राहिले. ते त्यांना बरं जमायला लागलं होतं.

एक मोटारसायकल पुढे जाऊन थांबली, वळून मागे आली.

“साहेब, हितं कशाला उभं?” तुळशीराम म्हणाला. “ठाना राहिला मागं.”

“तुमचीच वाट पाहत होतो,” विनायकराव म्हणाले.

तुळशीरामने त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. वाल नीट भरलाय की नाही हे शेंग न सोलता बघतात, तसं. मग मागच्या सीटवरची धूळ हाताने झाडली. “बसा.”

दोघे जोडीने हजेरी लावून आले. परतताना तुळशीराम पुढे बघतच बोलला. “पोरीचा फोन येतो तुमच्या. दर आठवड्याला. म्हनते, काका, तक्रार मागं घ्या, बाबांना पुन्याला न्यायचंय.”

विनायकरावांनी त्याचा खांदा धरला होता. ती पकड घट्ट झाली.

“मग?”

“मंग काय. मी म्हनलं, नाय घेत. म्हातारा लय पक्का हाय, त्याला असा सोडायचा नाय.”

तो हे मनापासून म्हणाला होता की दुसरं काही, ते त्याच्या पाठीवरून कळत नव्हतं. विनायकरावांनी विचारलं नाही. सोसायटीच्या फाटकाशी गाडी थांबली. ते जपून उतरले आणि त्यांनी धोतराचा सोगा सोडवला.

“फुडल्या सोमवारी एकलं निगू नका,” तुळशीराम गाडी वळवत म्हणाला. “हितंच थांबा फाटकाशी, मी येतो न्यायला. आरोपी येलेवर पोचला पायजेल.”